सोसायटीचं लॉन, चेअरमन काका आणि मागची नासर्डी

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई नाशिकच्याच, नासर्डी नदीच्या काठाला १४ रो-हाउसची त्यांची सोसायटी, सगळी मिळून अर्धा एकर जागा. यंदा त्या सेक्रेटरी झाल्या. चेअरमन म्हणजे ७२ वर्षांचे काका, ताईंच्या वडिलांचे जुने मित्र, वडील गेले तेव्हा बाराव्यापर्यंत रोज घरी येऊन बसायचे. काकांनी आता मनावर घेतलंय की २०२७ च्या कुंभमेळ्याला सगळ्यांकडे पाहुणे येणार, तोवर सोसायटी चकाचक पाहिजे. कोटेशनही आलंय, मागची सगळी झाडी मे महिन्यात जेसीबीने साफ, तिथे कार्पेट लॉन, कडेने फॉक्सटेल पाम, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि नदीच्या बाजूला काँक्रीटची भिंत. ताईंना तिथे १०० देशी झाडांचं छोटं जंगल करायचंय. मीटिंगमध्ये लोक म्हणाले साप येतील, डास होतील, आणि एकाने विचारलं, "वरून गावभरची गटारं येतात, आपल्या चार झाडांनी नदी साफ होणारे का?" त्यावर ताईंना काही बोलता आलं नाही. आता त्या विचारतायत, काकांशी भांडू, की राजीनामा देऊन मोकळी होऊ?

ताई, भांडायचं किंवा सोडून द्यायचं, तुम्ही हे दोनच रस्ते ठेवलेत. मला दोन्ही नाही पटत, पण काकांकडे शेवटी येते. आधी त्या मीटिंगमधल्या प्रश्नाचं बघू, कारण विचारणारा माणूस काही खोडसाळ नाहीये, नदीकाठच्या प्रत्येक सोसायटीत कोणी ना कोणी हे विचारतंच आणि त्याला सरळ उत्तर द्यायला पाहिजे.

उत्तर असं की हो, तुमच्या बागेने नासर्डी साफ होणार नाही, हे मीटिंगमध्ये स्वतःहून मोठ्याने सांगून टाका. वरून येणाऱ्या गटारांवर महापालिकेकडे वेगळा पाठपुरावा करावा लागतो, तो वर्षानुवर्षं चालतो. पण तुमच्या अर्ध्या एकरातून नदीत काय जातं, किती जातं आणि किती जोरात जातं हे सगळं तुमच्या हातात आहे, त्याच्यासाठी कोणाच्या दारात जायला नको.

किती जातं त्याचा हिशोब मी मांडून बघितला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. अर्धा एकर म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी तासाभरात ५० मिमी कोसळला, आणि असा पाऊस आपण सगळ्यांनी बघितलाय, तर तुमच्या एकट्या सोसायटीवर १ लाख लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे दहा टँकर एका तासात. आज त्यातलं बरंचसं मागच्या मातीत, झाडीत जिरतं. गच्च्या, पार्किंग, पेव्हर ब्लॉक सगळं एकाला एक जोडून टाकलं की ते जवळजवळ सगळंच्या सगळं वाहून जाणार. पूर आला की आपण धरणातून किती क्युसेक सोडलं ते विचारतो आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं ते बघायला घाटावर पळतो, पण नासर्डीवर काही गंगापूरसारखं धरण नाहीये, शहरात शिरल्यावर तिच्यात भर पडते ती आपल्याच गच्च्यांची, रस्त्यांची आणि पार्किंगची.

आणि काय जातं ते बघायचं असेल तर पहिल्या पावसात छत्री घेऊन गेटजवळच्या जाळीपाशी उभं राहा. मी मागच्या वर्षी आमच्या गल्लीत मुद्दाम उभी राहिले होते. आधी धूळ आणि पाला, मग गाड्यांखालच्या ऑइलचे इंद्रधनुष्यासारखे पट्टे, मग गुटख्याच्या पुड्या, आणि शेजारच्या बंगल्यातल्या लॉनवरून आलेले युरियाचे पांढरे दाणे, साबुदाण्यासारखे, अजून विरघळले पण नव्हते. सगळं दोन मिनिटांत जाळीतून खाली गेलं. ही जाळी ड्रेनेजची आहे असं बहुतेकांना वाटतं. ड्रेनेजची लाइन वेगळी, ती शुद्धीकरण केंद्राकडे जाते, पावसाळी गटाराचं पाणी मात्र कुठेही न थांबता थेट नाल्यात आणि नदीत. त्यामुळे नदी सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी सुरू होते हे डोक्यातून काढा, ती तुमच्या गच्चीवर सुरू होते. (जाता जाता, कुठल्या घराचं वॉशिंग मशीनचं पाणी ह्या पावसाळी लाइनला जोडलंय का तेही तपासा, खूप ठिकाणी सापडतं आणि दुरुस्त करायला फार लागत नाही.)

ते युरियाचे दाणे पुढे कुठे जातात? नासर्डीतून टाकळीला, तिथून गोदावरीत, सायखेडा-चांदोरीकडे, मग नांदूर मध्यमेश्वरला, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि जिथे आपणच हिवाळ्यात पोरांना पक्षी दाखवायला नेतो. गटाराच्या पाण्यातून आणि खतांमधून नत्र-स्फुरद मिळालं की पाणवेली फोफावतात, पुरात त्याच पाणवेली वाहत जाऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात आणि तिथल्या लोकांच्या घरात पाणी शिरायची भीती होते. एका लॉनने हे होत नाही, खरंय, पण काठावर लॉन काय एकच आहे का.

आता तुमच्या बाजूचं बोलते, रागावू नका. तुम्ही १०० झाडांचा आकडा कुठून आणलात? मला पत्र वाचताना असं वाटलं की काकांनी एक चित्र डोक्यात पक्कं केलंय आणि तुम्ही दुसरं, पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे दोघांनीही अजून चालून बघितलेलं नाही. दाटीवाटीने मोठी झाडं लावली तर काही वर्षांनी खाली ऊन पोचत नाही, गवत मरतं, आणि उताराच्या उघड्या जमिनीवरून झाडांच्या मधूनच माती वाहून जाते. काठावरची माती धरून ठेवतात ती जास्त करून गवतं आणि झुडपं, झाडं त्यांच्या जोडीला असतात. बागेत काय उगवतंय त्याच्याआधी बागेची जमीन कशी आहे ते बघा, मोकळी आहे का, भुसभुशीत आहे का, पाल्याने झाकलेली आहे का.

आणि ती 'झाडी' म्हणजे नक्की काय आहे? पत्रात नाहीये, आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. एका रविवारी सकाळी झाडं ओळखणारा कोणीतरी सोबत घ्या, कॉलेजातले बॉटनीचे सर, एखादा नर्सरीवाला, कोणीही, आणि रिबन बांधत फिरा. घाणेरी, सुबाभूळ, बेशरम, गाजरगवत असेल तर ते काढायला पाहिजे, तिथे काका बरोबर आहेत आणि तसं त्यांना सांगा. करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी, वाळुंज असेल तर त्याला हात लावू नका, ती झाडं आज फुकटात तुमचा काठ धरून बसलीयेत. शिवाय झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आपल्याच आवारातलं असलं तरी, आणि जेसीबीवाला ते तुम्हाला सांगणार नाही. मेमध्ये जेसीबी फिरवणं तर सगळ्यात वाईट, माती उकरून मोकळी होते आणि जूनच्या पहिल्याच पावसात नदीत जाते. काढायचं ते हाताने, पट्ट्यापट्ट्याने, एक पट्टा मोकळा केला की तिथे लावायचं, तो धरला की पुढचा.

मग करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर पाण्याच्या मागे मागे गेले असते, गच्चीपासून नदीपर्यंत.

गच्चीच्या पाण्याचे पाइप आत्ता पेव्हरवर सोडलेले असतील, ते एखाद्या उथळ खड्ड्यात सोडा, ज्याला हल्ली रेन गार्डन म्हणतात. १०० चौरस मीटर गच्चीला १० चौरस मीटरचा, सहा इंच खोल खड्डा पुरे, त्यात दीड हजार लिटर मावतं, म्हणजे पहिला १५ मिमी पाऊस जवळपास सगळा तिथेच थांबला, आणि घाण जास्त असते ती ह्या पहिल्या पावसातच. जास्तीचं पाणी बाहेर पडायला एका बाजूला दगड लावून वाट ठेवा. खड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब. आत वाळा, लव्हाळा, वेखंड, कर्दळ, कडेने गवती चहा आणि अडुळसा, ह्यातलं काहीही महाग नाही आणि निम्मं तर कोणाच्या ना कोणाच्या घरी असतंच.

पण खणायच्या आधी एक टेस्ट करा, ही कुठल्याही सोसायटीने करावी. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, मग परत भरा आणि पट्टी धरून तासाभराने बघा किती खाली गेलं. एक इंच तरी गेलं तर काम होतंय. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम असं खूप ठिकाणी आहे, काळी माती एकदा भिजली की पाणी घेतच नाही, मग मुरूम लागेपर्यंत खाली जाऊन दगड-वाळू भरावी लागते. खाली सलग कातळ लागला तर हट्ट करू नका, जागा बदला, किंवा गच्चीचं पाणी टाकीत साठवा.

पेव्हरचं म्हणाल तर गाड्यांना कडक जमीन लागते, ते मान्य. पण चाकांपुरते दोन पट्टे करा, मध्ये हरळी. किंवा ब्लॉकमध्ये अर्धा इंच फट ठेवून त्यात सिमेंटऐवजी बारीक खडी, आणि खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, घालू नका हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, कारण खाली पीसीसी ओतल्यावर वर फटी ठेवून काही उपयोग नसतो. आमच्या घरापुढे मी काही वर्षांपूर्वी सगळं अंगण पक्कं करून घेतलं होतं, चिखल नको म्हणून. त्याच पावसाळ्यात समोरच्या वहिनींच्या पायरीला पाणी लागलं. त्या बोलल्या काही नाहीत, सूप घेऊन पाणी बाहेर लोटत होत्या, ते मी खिडकीतून बघितलं आणि मला फार वाईट वाटलं. दिवाळीनंतर गेटलगतचा दोन फुटांचा पट्टा उखडून तिथे चर खणला, दगड भरले. तेव्हापासून त्यांच्याकडे पाणी गेलं नाही.

लॉन पूर्ण नको असं मी म्हणणार नाही. पोरांना लोळायला, म्हाताऱ्यांना खुर्च्या टाकायला हिरवा तुकडा पाहिजे, आणि काकांना तो मनापासून पाहिजे आहे. पण ३००० चौरस फुटांचं कार्पेट लॉन म्हणजे उन्हाळ्यात रोज हजार-बाराशे लिटर पाणी, तेही नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, शिवाय युरिया, तणनाशक, वाळवीचं औषध. त्याऐवजी ४००-५०० चौरस फूट, घरांच्या बाजूला, नदीपासून लांब, आणि हरळीचं. हरळी आपली आहे, तुडवली तरी उठते, पाणी कमी पडलं तर पिवळी पडते आणि पावसात परत हिरवी होते. खत म्हणून कंपोस्ट, आणि तेही पावसाच्या तोंडावर टाकायचं नाही. पामच्या जागी ताम्हण आणि बहावा लावा, शोभेसाठीच पाहिजे ना, मग ताम्हण तर आपलं राज्यफूल आहे आणि मुळात ओढ्याकाठचंच झाड, उन्हाळ्यात जांभळं झालं की लोक गाडी थांबवून फोटो काढतात.

नदीला लागून दहा-पंधरा फुटांचा पट्टा मात्र पूर्ण सोडून द्या. तिथे लॉन नाही, खत नाही, पायवाट पण नाही. काठाच्या आडवे वाळ्याचे ताटवे, त्याची मुळं सरळ खाली जातात, दहा फुटांपर्यंत सुद्धा, मागे निर्गुडी, आणि वरच्या अंगाला करंज, जांभूळ, अर्जुन मोजके. तुमच्या १०० झाडांची इथे १५-२० होतील आणि ती जगतील.

भिंतीबद्दल जरा सावकाश घ्या. नदीकाठच्या जागेला पूररेषा असतात, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळ्याच्या आत बांधकाम चालत नाही. तुमची मागची बाजू निळ्या रेषेत येते का ते नगररचना विभागात नकाशावर बघून लेखी घ्या, त्याच्याआधी ठेकेदाराला ॲडव्हान्स देऊ नका. आणि काठाला सरळ काँक्रीट उभं केलं की पाण्याचा जोर संपत नाही, तो समोरच्या काठावर किंवा खालच्या वस्तीवर जातो, आणि पायथ्याची माती खरवडून निघाली तर तुमची भिंतच कलते. काठ खरंच ढासळत असेल तर इंजिनिअरला जाळीतल्या दगडांच्या गॅबियनबद्दल विचारा, त्यातून पाणी झिरपतं आणि फटीत झुडपं पण धरतात, पण परवानगी त्याला पण लागेलच.

साप आणि डासांची भीती हसण्यावारी नेऊ नका, सापाला कोण घाबरत नाही. डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडाभर साठलेलं पाणी लागतं, रेन गार्डनचं पाणी एक-दोन दिवसांत जिरतं, जिरत नसेल तर तो खड्डा चुकलाय, दुरुस्त करा. डास होतात ते कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि गच्चीवरच्या उघड्या टाकीत. साप येतो उंदरांच्या मागे, आणि उंदीर उष्टं-खरकटं आणि दगड-विटांच्या ढिगात राहतात, ते आधी हलवा. घरं आणि झुडपांच्या मध्ये दहा फूट कापलेली हरळी ठेवा, पायवाटेला दिवा लावा, सर्पमित्राचा नंबर गेटवर लिहा. लोकांना झाडीपेक्षा जास्त त्रास होतो तो हे कोणी सांभाळत नाही असं दिसण्याचा, त्यामुळे कडा नीट कापलेल्या ठेवा, दगडांची एक ओळ लावा, फार फरक पडतो.

आता काका. ताई, तुम्ही धरून चालला आहात की काकांना नदीशी घेणंदेणं नाही. तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? ७२ वर्षांचा माणूस, त्यांनी ही नासर्डी वेगळी बघितलेली असणार. एखाद्या संध्याकाळी कोटेशन घरी ठेवून त्यांच्याकडे जा, चहा घ्या, आणि विचारा की काका, तुमच्या लहानपणी हिचं पाणी कसं होतं, पोहायचात का. आणि ऐका, मध्ये आपला मुद्दा घालू नका. समर्थ रामदासांनी १२ वर्षं तप केलं असं आपण सांगतो तो टाकळीचा संगम, तिथे गोदावरीला मिळते ती नंदिनी म्हणजे हीच तुमच्या मागची नासर्डी. कुंभमेळ्याला येणारे पाहुणे गोदामाईत बुडी मारणार आणि आपलं अंगण तिच्याच पाण्यात युरिया सोडणार, हे काकांना तुम्ही सुचवायची गरज सुद्धा पडणार नाही, तुमच्या वडिलांचा मित्र आहे तो माणूस, त्यांना कळेल.

मग त्यांच्याकडेच सोपवा. लॉनचा तुकडा कुठे घ्यायचा, ताम्हण कुठे लावायचं, खुर्च्या कुठे ठेवायच्या हे त्यांना ठरवू द्या, मीटिंगमध्ये बदललेला आराखडा त्यांच्याच तोंडून येऊ द्या. नदीकाठचा पट्टा, भिंतीआधी पूररेषेची लेखी माहिती आणि जेसीबी नाही, ह्या तीन गोष्टींवर मात्र तुम्ही हलू नका. ते तरीही ऐकले नाहीत तर सेक्रेटरी म्हणून तुमचा विरोध मिनिट्समध्ये लिहून घ्या आणि पदावर राहा. तुम्ही गेलात तर पुढच्या मीटिंगमध्ये हे बोलायला कोणी उरणार नाही, आणि एका वर्षाने वाद झालेले लोक आपल्याकडे परत एकमेकांच्या घरी फराळाला जातातच.

सगळं ह्याच वर्षी नका करू. एप्रिल संपायच्या आत रिबनवाली फेरी आणि खड्ड्याची टेस्ट, मेमध्ये नवीन कोटेशन आणि एकाच घराच्या पाइपखाली एकच रेन गार्डन, शक्यतो काकांच्याच. जूनचे दोन चांगले पाऊस झाले की वाळा आणि निर्गुडी, मोठी झाडं जुलैत. पहिल्या मोठ्या पावसात त्या खड्ड्याचा आणि गेटच्या जाळीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका, दोन्ही शेजारी शेजारी, खाली काही लिहू नका. आणि सोसायटीत झाडायला येणाऱ्या मावशींना आजच सांगा की पाला जाळू नका, कोपऱ्यात ढीग करा, जूनमध्ये नवीन रोपांच्या बुडाशी घालायला तो सगळा लागणारे.